साध्या वेशात

४ जून
बडतर्फ. पोलिसातली अठरा वर्षांची नोकरी, दीड पानाचा आदेश. गुन्हा काय? साप्ताहिक सुट्टीला पोलिसांच्या कुटुंबांच्या धरण्यात 'साध्या वेशात हजर'. मागणी आठ तास ड्यूटीची. आणि चौकशी? 'करणे व्यवहार्य नाही.' इंद्रलोक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहते मी, हिमालयात नाही. बोलावलं असतं तर आले असते.
शेजारची भाभी: "अब क्या करोगी?" म्हटलं, "केस करेंगे." बोलून गेले, मग वकील शोधायला लागले.

११ जून
ट्रिब्युनलमध्ये अर्ज दाखल. वकीलबाई खूश. "चौकशी का शक्य नाही, ते लिहिलंच नाहीये. इथंच धरू." आम्ही साध्या चोरीला चार पानं लिहायची, साहेबांना एक ओळ जमली नाही.

२० जून
मोरेकाका घरी आले. हवालदार. मला काम यांनीच शिकवलं. "पोरी, वाट आहे. साध्या वेशात, म्हणजे खबर काढायला बसले होते, असं लिहून दे. साहेब मान्य करतील. सोमवारी हजर."
म्हणजे धरण्यात ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्या बायकांविरुद्ध मी खबरी! कानशिलं तापली. पण वर्दीचा मोह झाला. खोटं कशाला लिहू, असंही वाटलं. काकांना म्हटलं, उद्या कळवते.

२१ जून
चौक गावाला, आईकडे. मासळी साफ करत होती. ऐकून मान वर न करता म्हणाली, "तू बसलीस का न्हाय?"
"बसले."
"मंग बसली म्हन. चोरी हाय का?"
काकांना फोन केला. नाही म्हटलं.

२ जुलै
प्रतिज्ञापत्र. वकीलबाईंनी घातलेलं, 'अर्जदार तेथून जात असता थांबली.' खोडलं.
"अहो, केसला बरं पडतं!"
"मला नाही पडत."
लिहिलं: सुट्टी होती, मुद्दाम गेले, बसले, घोषणा दिल्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

१७ जुलै
सुनावणी. सरकारी वकील: "या तर कबूलच करतायत!" वकीलबाई ताडकन उठल्या, "मग कबूल करणाऱ्या बाईची चौकशी अवघड कशी?" सरकारी वकील कागद चाळत बसले.
निकाल राखून ठेवलाय. वकीलबाईंची ताकीद, तोवर धरण्याकडे फिरकू नका. रविवारी पुन्हा बसतायत सगळ्या. काढलेल्या माणसाला आणखी कुठून काढणार? भीती वाटते, नाही असं नाही. साडी इस्त्रीला दिलीय.