शेरा : वायर सैल

सोमवार, ९ जानेवारी

एकाच दिवसात एकाच शाळेच्या तीन मुली! तिघी नववीतल्या, एकाच वर्गातल्या. पहिली वर्गाची मॉनिटर, तिचा उजवा हात खांद्यापासून उडतो. दुसरीची मान झटके देते. तिसरी चालता चालता मटकन खाली बसते. आणि शाळा कुठली, तर आमच्या खारूची! वर्गही तिचाच.

तिघींचे ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचे आलेख, मीच काढले. डोकं मोजा, खुणा करा, पेस्ट लावून एकवीस वायरी चिकटवा — एकीला पाऊण तास. मॉनिटरचा हात चालू आलेखात चार वेळा उडाला. पडद्यावर काही नाही! हात नाचतोय आणि मेंदू आपला संथ. म्हणजे फिट नव्हे. एकोणीस वर्षं हेच करतेय, मला रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

जेवताना घरात सांगितलं. मटकन बसणारीची थोडी नक्कलही केली. ह्यांना हसून ठसका लागला. खारू म्हणाली, "त्यांना खरंच होतंय, आई." मी म्हटलं, होतंय गं, पण मेंदूत नाही, मनात. ती अर्ध्या जेवणातून उठली. मैत्रिणींची बाजू घेणारच, वयच तसं.

गुरुवार, १२ जानेवारी

आता पाच झाल्या. शाळेच्या फाटकाशी टीव्हीवाले.

आमच्या मजल्यावर वेगळंच युद्ध. मोठे डॉक्टर म्हणतात ताण आहे, एकीचं बघून दुसरीला होतंय, समुपदेशन आणि व्यायाम सुरू करा. नवी डॉक्टरीण, येऊन सहा महिने झाले नाहीत, ती म्हणते, "सर, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एकेकीचा एमआरआय करू. मेंदूला सूज असेल तर उशीर परवडणार नाही." सरांनी मलाच पुढे केलं! "बाई, हिला सांगा पाच आलेखांत काय दिसलं."

म्हटलं, काही नाही, सर. पाचही स्वच्छ.

नवीचा चेहरा पडला. वाईट वाटलं थोडं. पण बरंही वाटलं — पॅसेजमध्ये चार लोकांसमोर सर माझं मत विचारतात! नव्याचे नऊ दिवस, शिकेल ती.

शनिवार, १४ जानेवारी

मुली आता सहा. शाळेत पालकांची सभा. नको तिथे तोंड उघडलं.

मॉनिटरची आई टेलरिंग करते, गळ्यात टेप तशीच घेऊन आली होती. उभी राहून ओरडली, "माझी मुलगी वेडी आहे म्हणता? ती कधी शाळा बुडवत नाही!" मग कुणी पाण्याची टाकी काढली, कुणी मागच्या गल्लीतल्या रंगाच्या कारखान्याचा वास. मुख्याध्यापिका रुमालाने नुसतं कपाळ पुसत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, टाकीत विष असतं तर मुलगे पाणी पीत नाहीत का? शिक्षक पीत नाहीत का? मी स्वतः तपासण्या केल्यात, मेंदूत काही नाही, उगाच घाबरू नका.

टेलरीणबाई माझ्याकडे वळल्या. "स्वतःची धडधाकट आहे ना, म्हणून तोंड चालतंय."

घरी येईपर्यंत वाटभर स्वतःशीच बोलत आले. संतापाने. बोलले ते चुकीचं थोडंच होतं!

मंगळवार, १७ जानेवारी

खारूचा हात उडाला. चहाचा कप भिंतीवर.

बुधवार, १८ जानेवारी

आज चार वेळा. उजवाच. मॉनिटरसारखाच — म्हणून तर डोकं फिरलं. मी मनगट धरलं आणि म्हटलं, थांबव. "थांबत नाही, आई." थांबव म्हणते ना! माझ्या मुठीत तो हात मासळीसारखा तडफडत होता.

हे म्हणाले, "दवाखान्यात ने, ओरडतेस काय?" दवाखान्यात! तिथे मी काय सांगू? शनिवारी सभा गाजवली आणि बुधवारी लेक घेऊन आले? टेलरीणबाई आख्खा गाव गोळा करतील.

रविवार, २२ जानेवारी

खारूचा ईईजी काढला. मीच.

आपल्या माणसाचा आपण काढायचा नाही असा रिवाज आहे. पण दुसरी टेक्निशियन रजेवर, आणि रविवारी विभाग रिकामा. सर म्हणाले, "काढून ठेवा, उद्या बघतो."

तिचे केस दाट, वायरी बसता बसेनात. निम्मं झाल्यावर हात उडाला आणि त्याच वेळी पडद्यावर, डाव्या कानशिलाच्या बाजूला, टोकं आली. थोड्या वेळाने पुन्हा. डावीकडची वायर दाबून पक्की बसवली आणि शेरा टाकला : वायर सैल. दोन्ही ठिकाणी.

शेरे आम्हाला टाकावेच लागतात. पापणी लवली, दात खाल्ले, हात हलला, वायर सैल. जे मेंदूतलं नाही ते डॉक्टरांना कळावं म्हणून. शेरा दिसला की ते पुढे जातात. त्यानंतरचा आलेख छान, स्वच्छ.

सोमवार, २३ जानेवारी

नॉर्मल! सर म्हणाले, "सात मुली, सात नॉर्मल. तुमचीही त्याच गाडीतली, बाई. बरी होईल." नवीने एमआरआयचा विषय काढला. सरांनी हातानेच थांबवलं, आणि मीही म्हटलं नको, पोरीला उगाच त्या नळकांड्यात घालायचं कशाला.

बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानेच.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

समुपदेशन लागू पडतंय. टीव्हीवाले गेले, शाळेने सातही जणींना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं आणि सरांचं म्हणणं खरं ठरायला लागलं. मटकन बसणारी आज जिना चढून आली. मॉनिटरचा हात तीन दिवसांत एकदाही उडाला नाही. टेलरीणबाई पॅसेजमध्ये भेटल्या, नजर चुकवून गेल्या. मला बोलावंसं वाटलं होतं. नाही बोलले, तेवढी अक्कल आहे.

खारूला वेळ लागतोय. शेवटी सुरू झालं, शेवटी जाईल.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सहाही जणी शाळेत. आमचीच घरी.

आता झोपेतसुद्धा बोटं हलतात. पेन धरवत नाही. बोलताना मध्येच थांबते. काल पाणी मागताना "ते दे ना... ते... ज्यातून पितात ते," म्हणाली. ग्लास! पंधरा वर्षांच्या मुलीला ग्लास आठवू नये? मी म्हटलं, आता हे नवीन काढलंस का? सगळ्यांचं संपलं, तुझंच नाटक चालू!

नुसती बघत राहिली, भाषा न कळल्यासारखी. हे ताट बाजूला सारून बाहेर गेले. समुपदेशक बाई विचारतात, घरात काही ताण आहे का. आहे ना! मीच आहे.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी एका आजोबांचा ईईजी होता. त्यांची डावीकडची वायर खरोखर सुटली. पडद्यावर त्या एकाच रेघेचा धिंगाणा, शेजारच्या रेघा शांत. सैल वायर एकटीच बोंबलते, शेजारणींना घेऊन बोंबलत नाही. हे मी दरवर्षी शिकाऊ मुलींना शिकवते. अगदी ह्याच शब्दांत.

आजोबा गेल्यावर खारूचा आलेख उघडला. तीन रेघा. तिन्ही एकदम, एका ठेक्यात, आणि त्याच क्षणी हात. त्यावर माझा शेरा.

कुणीही ओळखलं असतं. आणि इथे तरी खरं लिहू — मीसुद्धा त्याच दिवशी ओळखलं होतं. अर्धा क्षण. मग वायर दाबली. मला सैल वायरच हवी होती.

सोमवार, २७ फेब्रुवारी

शेरा पुसता येतो. पुसला तरी यंत्रात कुठेतरी नोंद राहत असेल, पण वरवर कुणाला कळणार नाही. पुसायचा आणि म्हणायचं, सर, तुमच्याच नजरेतून सुटलं. सकाळी तीनदा फाइल उघडली, तीनदा बंद केली. नोकरी जाईल. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना कळेल. त्याहूनही वाईट, खारूला कळेल.

दुपारी फाइल घेऊन नवीकडेच गेले. सरांकडे जायचं धाडस झालं नाही. ती उभ्यानेच बघू लागली, मग खुर्ची ओढून बसली.

"हा शेरा कुणाचा?"

माझा.

"कधीचा?"

छत्तीस दिवस झाले.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, तिला आत्ताच्या आत्ता भरती करा." बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १ मार्च

एमआरआय झाला. डाव्या अर्ध्या मेंदूला सूज. काही भाग आक्रसलेला. बोलणं आणि उजवी बाजू तिथूनच चालते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाठीतलं पाणीही तपासायला काढलं. शिरेतून औषध सुरू.

"भरून येईल ना?" ह्यांनी विचारलं. नवी म्हणाली, पुढचं नुकसान थांबवायला बघू, झालेलं किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. आणि लवकर आलो असतो तर? ह्यांनीच विचारलं, मी नाही. ती म्हणाली, "लवकर केव्हाही चांगलंच." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ह्यांनी पाहिलं.

मोठे डॉक्टर संध्याकाळी वॉर्डात आले. मला वाटलं, आता तोडतील. म्हणाले, "शेरा तुमचा होता, बाई. पण तो न तपासता पान मी उलटलं." दोघंही खारूच्या पायांकडे बघत उभे राहिलो. वर जबाब द्यायचाय, सोमवारी. मी काही लपवणार नाही.

शनिवार, ४ मार्च

बाकी सहा मुलींचं सगळं नव्याने तपासलं. एमआरआयही. माझा एकेक शेरा दोघा डॉक्टरांनी मिळून पाहिला. सहाही खरोखर नॉर्मल. सहा जणींचं सरांचं खरं, एकीचं नवीचं खरं. भांडत होते तेव्हा दोघंही बरोबर होते!

टेलरीणबाई भेटायला आल्या. मी मान खाली घालून बसले, म्हटलं आता ऐकून घ्यायचं. त्या खारूच्या उशाशी बसल्या, तिचा उडणारा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "पोरीचे केस किती गुंतलेत. कंगवा द्या बरं." तासभर विंचरत होत्या. त्यांच्यापुढे मी किती खुजी आहे!

तरी मनातलं लिहिते. मला त्या सहा मुलींचा राग येतो. मॉनिटरचा सगळ्यात जास्त. त्यांनी ते सुरू केलं नसतं तर खारूचं दुखणं एकटं दिसलं असतं, स्पष्ट दिसलं असतं. त्यांच्या गर्दीत हरवलं. राग कुणावर तरी काढायला हवा ना? सगळाच स्वतःवर काढला तर उद्या उठून वॉर्डात कशी जाऊ?

गुरुवार, ९ मार्च

आज खारू बरीच बोलली. मी उशीचा अभ्रा बदलत होते. नवी कॉटवर बसून सावकाश एकेक विचारत होती.

कधीपासून? ऑक्टोबरपासून. सहामाहीच्या आधी. मॉनिटरच्याही तीन महिने आधी! वर्गात हात मांडीखाली दाबून बसायची. शेजारी मॉनिटर, तिला दिसलं. तिने कुणाला सांगितलं नाही, रोज नुसती विचारायची, दुखतं का? मग एक दिवस तिचाच हात उडायला लागला. मग बाकीच्यांचं.

"घरी का नाही सांगितलंस?" नवीने विचारलं.

शब्द शोधत राहिली. "सांगितलं होतं. आईला. एकदा."

मला आठवेना. काही केल्या आठवेना. घरी येऊन ह्याच वहीची जुनी जोडीदार काढली, मागच्या वर्षीची. १८ ऑक्टोबर. एकच ओळ, माझंच अक्षर :

"परीक्षा आली, खारूचं सुरू — हात आपोआप उडतो म्हणे! लक्ष दिलं नाही."