सातदेवे

गुरुजी, आज तुमच्यावर इतका राग आला आहे की तुम्ही जिवंत असता तर सावली गावची बस धरून तुमच्या दारात येऊन उभा राहिलो असतो. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा कागदावरच भांडतो. माझ्या लेकीचा जात पडताळणीचा अर्ज फेटाळला गेला. नर्सिंगची सरकारी जागा लागली होती, ती आता हातची जायची वेळ आली आहे. कारण काय, तर तिच्या पणजोबाचं आडनाव एक आणि माझं दुसरं. ते दुसरं आडनाव तुम्ही मला दिलंत.

तो दिवस मला अजून दिसतो. आपलं गाव नदीच्या काठावरचं, पलीकडे दुसरं राज्य. आजही घाटावर उभं राहिलं की मोबाइलवर पलीकडच्या राज्याचा स्वागताचा मेसेज येतो. अलीकडच्या राज्यानं आमचं कधी एवढंही केलं नाही. पंचवीस-तीस घरं, त्यातली आम्हा गोंडांची चार. बाकीची धानवाल्या शेतकऱ्यांची, तुमच्यासारख्यांची. बाबा बांबू तोडायला गेलेला, म्हणून आई माझा हात धरून शाळेत आली आहे. तिला मराठी जेमतेम येतं. तुम्ही रजिस्टर उघडून विचारता, "बाई, तुमी कोनते?" तुम्हाला आडनाव हवं होतं. आमच्यात मात्र असं विचारलं की माणूस आपले देव सांगतो. कोणाचे चार, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात. त्या आकड्यावर सोयरीक ठरते, सारख्या आकड्यात लग्न होत नाही. आईनं सरळ उत्तर दिलं, "सात देव, गुरुजी." तुम्ही हसलात. "सातदेवे! चांगलं हाय नं बाई आडनाव," म्हणालात आणि लिहून टाकलंत. वर्ग हसला. तुम्ही हसताय म्हणून आईही हसली. आपण काहीतरी बरोबर बोललो, असं तिला वाटलं. ते हसू आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

एकदा घरी येऊन विचारायचं होतंत, गुरुजी. बाबा चार दिवसांनी परत आला होता. आजोबा तर शाळेसमोरच्याच घरात बसलेला असायचा, नुसता रस्ता ओलांडायचा होता. पण आमच्या घरांकडे तुम्ही फिरकला नाहीत. धर्माच्या रकान्यासाठी तर तुम्ही तोंडानंही विचारलं नाहीत, स्वतःचाच लिहिलात. आई तुम्हाला रानातली पिकली टेंभरं आणून द्यायची, ती तुम्ही पोरांत वाटून टाकायचात. आमच्या हातचं खायचं नाही म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. चारोळी तेवढी पिशवीत भरून घरी न्यायचात. वर्गात माझ्या तोंडून गोंडी शब्द निघाला की वेताची छडी. "मानसासारखं बोल," म्हणायचात. मी माणसासारखाच बोलत होतो, आईसारखा बोलत होतो.

आणि तरी तुमचा नुसता राग करता आला असता तर किती सोपं झालं असतं. सातवीत तालुक्यात पहिला आलो तेव्हा ब्रह्मपुरीहून माझ्यासाठी कंपास पेटी आणलीत. झाकणावर स्वतः खिळ्यानं माझं नाव कोरलं होतंत, आडनावासकट. मी ती पेटी उशाशी घेऊन झोपायचो. आज तिचाही संताप येतो.

पडताळणीच्या ऑफिसात बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हे आडनाव तुमच्या जमातीत नाई. कुठून आनलं?" मी देवांचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देव कागदावर दाखवा." जंगल खात्याच्या जुन्या कागदावर आजोबाचं खरं आडनाव आहे, माझ्या कागदावर तुमचं अक्षर आहे. तुमचं अक्षर फार सुंदर होतं, गुरुजी. कुठे खाडाखोड नाही.

परतताना बसमध्ये लेक रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी तवाच काऊन नाई सांगतलं गुरुजीले?" मी म्हणालो, "मले का समजत होतं माय तवा. लहान होतो."

आता ती अपिलाचे कागद लावून राह्यली आहे. वकिलानं माझ्या नावानं प्रतिज्ञापत्र टाईप करून दिलं आहे. आई निरक्षर होती, आडनाव शिक्षकांनी गैरसमजानं लिहिलं, इथवर सगळं खरं. शेवटची ओळ अशी: दुरुस्तीची संधी आम्हास कधीही मिळाली नाही. त्याखाली सही करायची आहे. करायला बसलो आणि तुम्हाला लिहीत सुटलो.

कारण तुम्ही विचारलं होतंत. ब्रह्मपुरीच्या हायस्कूलसाठी माझा दाखला लिहिताना पेन थांबवून म्हणालात, "तुहा आजा बोलला मले. आडनाव माह्याकडून चुकलं गड्या. दुरुस्त करून देऊ का?" बारा-तेरा वर्षांचा होतो मी, लहान नव्हतो, सगळं समजत होतं. दाखल्यावरची जात ऑफिसच्या कपाटात राहते, आडनाव मात्र हजेरीला रोज मोठ्यानं वाचतात. सातदेवे म्हटलं की वसतिगृहात मला कोणी जंगलातला म्हणणार नव्हतं. मी म्हणालो, "राहू द्या, गुरुजी. हेच चांगलं हाय."

हे लेकीला सांगितलेलं नाही. सही केली आहे.