बाबा दक्षिणायनात गेले नाहीत

उज्जैन, १८ जानेवारी

गोपालभाऊ,

यावेळी तुले नमस्कार लिहून नाही राह्यली. तो मायले सांग.

मी बरी आहे. वेधशाळेत पोरायले जुनी यंत्रं दाखवाचं काम सुरू आहे.

बाबाची तेरवी संक्रांतीले आली, अन् तू भर पंगतीत म्हटलं, "आज उत्तरायण लागलं. बाबा दक्षिणायनात गेले, त्याइले गती नाही." दवाखान्यात बाबाची श्वासाची मशीन काढाले मायनं हो म्हटलं होतं, हे विसरला काय? काल फोनवर माय मले विचारे, "सुरभी, मी घाई केली काय वं?"

मोठा शास्त्राचा माणूस झाला! संक्रांत अन् उत्तरायण दीड हजार वर्षांआधी सोबत येत. आता सूर्य डिसेंबरातच उत्तरेले वळते, अन् बाबा गेले जानेवारीत. तुहे ते जुने ज्योतिषी उन्हात शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून सावली मोजत. पोथी जुळली नाही तं पोथीतलं गणित दुरुस्त करत. प्रत्यक्ष हेच पहिलं प्रमाण, असं मानणारे लोक ते. तू तं समोर बसलेल्या मायकडंही पाह्यलं नाही.

आंगणात काठी रोव. भर दुपारच्या सावलीले खूण कर. आठवड्यानं आखूड झालेली दिसन; इथल्या शंकूची तं बाबा जायच्या आधीपासूनच आखूड होऊन राह्यली. ते मायले दाखव.

माय जेवते काय? खरं लिही.

अन् दक्षिणायन असतं, तरी मायनं बाबाले सोडवलं हे बरोबरच होतं. हे काठी दाखवणार नाही. हे तुलेच तिले सांगा लागन.

सध्या फक्त मायचीच,
सुरभी