मावशीकडे स्पष्ट दिसणारा वहीद

झगाझिग (इजिप्त), ४ जून

नाहिदला ताईचे आशीर्वाद.
वि. वि. समोरासमोर राहून पत्र लिहितेय, कारण तुझ्याशी बोलायची इच्छा नाही. टोपलीतून खाली इस्त्रीवाल्याकडे सोडलंय, तो वर आणून देईल.

मुलगा माझा, मिलानला गेला तो माझा, आणि फोनवर दिसतो स्पष्ट तुझ्याकडे. तुझी सून काल जिन्यात सांगत होती, वहीदने दाढी ठेवलीय, छान दिसते. मला दाढी माहीत नाही. माझ्याकडे त्याचं तोंड चौकोन चौकोन होतं, आवाज विहिरीतून येतो, मग तो म्हणतो आई, नंतर करतो. ते नंतर काही येत नाही.

इंटरनेटचं डबडं तुझ्या दिवाणखान्यात. तुला हातभर वायर, मला छपरावरून वळसा घालून आलेली. एवढ्या लांब येईपर्यंत वेग उरणार कसा? उरलंसुरलं माझ्या वाट्याला. लहानपणी कलिंगडाचा मधला भाग तूच खायचीस, तेच चाललंय. वायर आखूड करून दे, नाहीतर डबडं इकडे आण.

लोभ ठेवायचा तर ठेव.
इन्साफ

झगाझिग, ५ जून

ती. ताईस सा. न.
डबडं हवं तर आजच ने. पण आधी वायरवाल्या अतियाला विचारलं. तो हसला. म्हणाला, शंभर मीटरपर्यंत वायर आखूड काय नि लांब काय, वेग तोच. आपली त्याच्या निम्मीही नाही. मावशीबाईंना सांगा, इंटरनेट चालत येत नाही, दमत नाही.

मग तो छपरावर गेला. ताई, रागावू नकोस. तुझ्या बाजूच्या वायरीवर ओल्या चादरी वाळत घातल्यात. वजनाने वायर ताणून टोकाचा खटका निम्मा बाहेर आलाय. मी वर्षभर बघतेय, पण तुला सांगायची कुणाची छाती आहे?

अतिया उद्या नवीन टोक बसवेल. चादरी काढ. दाढी खरंच छान आहे.

लोभ आहेच.
नाहिद

झगाझिग, ९ जून

नाहिदला आशीर्वाद.
दोरी महाग म्हणून नाही, वायर मजबूत होती म्हणून घातल्या चादरी. आता उगाच गल्लीभर करू नकोस.

अतिया टोक बसवून गेला. दाढी दिसली. बरी आहे, हनुवटीवर विरळ आहे. डोळ्याखाली काळं झालंय, तेही दिसलं. आणि तो बोलता बोलता दोनदा बाजूच्या घड्याळाकडे बघत होता, तेसुद्धा स्पष्ट दिसलं. मी जेवणाचं विचारलं, लग्नाचं विचारलं, नमाज चुकवतोस का विचारलं. तो म्हणाला आई, नंतर करतो.

वायर तर ठणठणीत होती.

मग तुझ्या खिडकीतून त्याच्या हसण्याचा आवाज आला. मी गॅलरीतच होते. तासभर चाललं होतं. मला वाटलं, जाऊन ती वायर दातांनी तोडावी. तोडली नाही, उगाच घाबरू नकोस.

एक विचारते, वळणं न घेता उत्तर दे. तू त्याच्याशी बोलतेस काय?

इन्साफ

झगाझिग, ९ जून, संध्याकाळ

ती. ताईस सा. न.
काही बोलत नाही गं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसते. तो बोलतो. कधी तोही गप्प बसून माझ्या हाताकडे बघतो.

तुझीच,
नाहिद

झगाझिग, १० जून

नाहिद,
टोपली रिकामी सोडलीय. त्यात मुलुखियाची मोठी जुडी टाक. आज रविवार, त्याला सुट्टी असते.
पानं मी खुडून परत पाठवीन, पण सावकाश. मध्येच मागू नकोस.

ताई