शकुनाचा ओंडका

इंदोरा, नागपूर
दि. ४ ऑगस्ट १९७५

चि. विश्वनाथ,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तू, देवकी अन् पोरं कामठीले मजेत असाल. देवकीचा खोकला थांबला का? तिले म्हणा, अडुळशाचा काढा घेत जा.

कामठी कितीक दूर आहे गा इथून? बसनं पाऊण तास. तरी दसऱ्यापासून तुझं तोंड दिसलं नाही, म्हणून पत्र लिहून राहिले.

शुक्रवारी नुकसानभरपाईच्या कोर्टात सातवी तारीख झाली. एकदा साहेब रजेवर, एकदा शेठचा वकील आजारी, एकदा फाईलच सापडेना. मागच्या खेपेले दिवसभर बाकावर बसलो, अन् पाच वाजता शिपाई म्हणते, "तुमचं नाव सकाळीच पुकारलं होतं." मी म्हटलं, "कोणाले पुकारलं रे बाबा, भिंतीले?"

आता शेठचा वकील म्हणते, चार बोटंच गेली, अंगठा शाबूत आहे, माणूस काम करू शकते. उजव्या हाताचा एकटा अंगठा घेऊन कोणतं काम करावं, ते मात्र सांगत नाही. पंधरा वर्षं शेठच्या आरामशीनवर चिरायचं लाकूड धरलं तुझ्या भाऊजींनी. आता सदऱ्याची बटणं लावून घ्यायले माझ्यापुढे उभे राहतात, अन् भिंतीकडे पाहतात. असा संताप येते मले, कोणावर काढू तेच समजत नाही.

वरून शेठ म्हणते, दसऱ्याले मशीन बंदच होती, हजेरीबुकात कोणाचंच नाव नाही. त्याच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, "तुम्ही लोक दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाता ना? मग हा रुपराव आरामशीनवर कसा?" घ्या! आपलाच सण आपल्या उरावर. साहेबाले कोण सांगणार, की मशीनीची पूजा झाली की शेठ शकुन म्हणून एक ओंडका चिरून पाहते, अन् त्याची हजेरी लावत नाही? अन् ओंडका सरळ लावायले त्याले तुझे भाऊजीच लागत. त्या दिवशी पांढरे कपडे घालून आम्ही निघालोच होतो. बोलवायले तूच आला. "पाच मिनिटांचं काम आहे भाऊजी, मग सगळे सोबतच जाऊ."

मशीनपाशी तिघंच होते. शेठ, तुझे भाऊजी अन् तू. शेठ तर बोलणार नाही.

इथपर्यंत लिहून पेन ठेवला होता. भाकरी टाकून आले. आता लिहूनच टाकते.

शुक्रवारी शेठच्या वकिलानं कोर्टात दवाखान्याचा कागद वाचून दाखवला. त्यात आहे, 'घरी लाकूड फोडताना कुऱ्हाड लागली.' खाली माहिती देणाऱ्याचं नाव विश्वनाथ, जखमीचा साळा.

माझ्या घरात कुऱ्हाड आहे तरी का रे? भुशाची शेगडी आहे माझी. भुशाचं पोतं तूच आणून देत होता ना आरामशीनवरून!

आपले वकील गोपाळराव म्हणाले, "बाई, हा कागद असाच राहिला तर केस गेली." घरी आल्यावर मी यांले विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?" म्हणाले, "हो." "मग सांगितलं काहून नाही?" तर म्हणतात, "पोरगा भेला होता. ओंडका पुरता लागायच्या आधीच त्यानं बटण दाबलं. आपल्यालेच लवकर सोडायची घाई होती त्याले. शेठ म्हणाला, बटण तू दाबलं, जेलात जाशील, कुऱ्हाड लागली म्हणून सांग." नऊ महिने एवढं पोटात ठेवून माझ्यासोबत जेवून राहिला होता हा माणूस! कोर्टातही त्यांनी तुझं नाव घेतलं नाही.

अरे लेका, या कायद्यात चूक कोणाची ते विचारतच नाहीत! गोपाळरावांनी मले नीट समजावून सांगितलं. कामावर असताना लागलं, एवढंच पाहतात. सोबतच्याच्या हातून चूक झाली तरी भरपाई मालकालेच द्यावी लागते. बटण दाबलं म्हणून कोणी जेलात जात नाही. ज्याले भिऊन तू लपला ते नव्हतंच रे! एकदा जरी भेटायले आला असता तर पहिल्याच तारखेले समजलं असतं.

गोपाळराव समन्स काढतो म्हणत होते. हे म्हणाले, "साळ्याले शिपाई पाठवून बोलवायचं नाही. आला तर आपल्या पायानं येईल." मलेही लिहायची मनाई आहे. आत्ता हे दळण आणायले गेले, तोवर लिहून राहिले.

पुढची तारीख सोमवार, १८ ऑगस्ट. साडेदहाले कोर्टात ये. मशीन चालू होती, भाऊजी तिच्यावर होते, अन् कुऱ्हाडीचं शेठनं बोलायले लावलं, एवढं साहेबापुढे सांग. बटणाचं मी तुले जन्मात विचारणार नाही. ज्यांची बोटं गेली त्यांनी विचारलं नाही, मी कोण विचारणारी?

पण त्या दिवशी तू नाही आला, तर पुन्हा पत्र लिहायले मी बसणार नाही. देवकीले अन् पोरांले आशीर्वाद.

अठरा तारखेपर्यंत तरी तुझीच बहीण,
पंचफुला