फौजदारही वाचला, मालकही

पिंपळगाव राजा

तीर्थरूप उत्तमदादांस,

धाकट्या पुष्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेलच. वहिनींचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? (त्यांना म्हणावं, दुखतो की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा जिना चढू नका.) इकडे तुमचे जावई, म्हणजे आमचे हे, खुशाल आहेत आणि आमचा कुत्रा फौजदारही खुशाल आहे. मागच्या आठवड्यात दोघंही तसे नव्हते, म्हणून हे पत्र.

आपण बीटी कापसाची पऱ्हाटी लावली तेव्हा फवारणीची कटकट मिटली असं सगळेच म्हणत होते. ती बातमी बोंडअळीला कोणी कळवली नाही. यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, आणि तुमचे जावई भर दुपारी, अंगात नुसती बनियन, पाठीवर पंप, असे वारा तोंडावर घेत फवारत सुटले. तोंडाले दुपट्टा बांधा म्हटलं, तर म्हणे, "मी का नवरी आहो?" घरी येऊन त्यांनी पंप अंगणात धुतला, आणि खड्ड्यात साचलेलं ते पाणी फौजदार लपालपा प्याला.

थोड्या वेळात फौजदाराच्या तोंडातून लाळेची धार लागली. पाय लटपटले, अंग थडथड उडायला लागलं. शेजारच्या कोकिळाकाकू तुपाची वाटी घेऊन धावल्या, कोणी ताक आणलं, कोणी दृष्ट काढायला मिरच्या. (मिरच्यांचा ठसका आम्हालाच लागला.) मी मात्र औषधाची रिकामी बाटली पिशवीत घातली आणि फकीर मोहम्मदभाईंना हाक मारली. ते गाडीत बकऱ्या भरून बाजाराला निघाले होते. त्यांनी बकऱ्या आमच्या अंगणात उतरवल्या आणि म्हणाले, "भाभी, बकऱ्या उद्या बी विकतीन, बसा!" (त्या बकऱ्यांनी माझी सगळी मेथी खाल्ली. खाऊ दे.)

जनावरांच्या दवाखान्यात अंजुम डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी बाटली वाचली, फौजदाराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तूप पाजलं नाही ना, हे आधी विचारलं (तुपानं विष लवकर भिनतं म्हणे; नशीब, मी पाजू दिलं नव्हतं), मग ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. थोडं थांबून पुन्हा दिलं, पुन्हा छाती ऐकली. त्यावर विषाची पकड सोडवणारं दुसरं औषध शिरेतून दिलं आणि केसाला लागलेलं जावं म्हणून त्याला साबणानं धुवायला लावलं. मी देवाचं नाव घेत त्याच्या तोंडाकडे पाहत होते. दादा, लाळ आटली! जीभ कोरडी पडलेली पाहून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तीच बॅटरी तुमच्या जावयांच्या डोळ्यांत मारली. आमच्यासोबत आलेले हे कोपऱ्यात घामानं निथळत उभे होते आणि सारखे बाहेर जाऊन थुंकत होते.

"मले काही नाही झालं," हे म्हणाले.

"तुमच्या कुत्र्यालाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "गाडीत बसा."

अंगावरची बनियन तिथेच उतरवून, त्यांनाही साबणानं धुवून, आम्ही थेट खामगावच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी फोन करून ठेवलाच होता. तिथेही ॲट्रोपिनच! हे खाटेवरून ओरडले, "अवं, हे तं कुत्र्याचं हाय!" नर्स म्हणाली, "विष बी तेच हाय नं, काका." मग यांनी हात पुढे केला. मी पायाशी बसून रडले, पण त्यांना दिसू दिलं नाही.

आता ऐका. परवा दोघं मालक-चाकर फकीरभाईंच्या गाडीतून वाजतगाजत गावात आले. (वाजत म्हणजे हॉर्न.) अर्धं गाव दारात! मी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला, आधी फौजदारावरून. हे रागावले नाहीत. उलट बाजेवर बसून जमलेल्यांना स्वतःच सांगत होते, "याच्यापायी वाचलो बे!"

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
पुष्पा

ता. क. भाऊबीजेला यंदा साडी आणू नका. तुमच्या कारखान्यात मिळतो तसा डोळ्यांचा चष्मा, रबरी हातमोजे, तोंडाचा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा कोट आणा. माप जावयांचं.

ता. क. दुसरा. वरचं मागणं तुझंच आहे असं लिही, असं जावयांनी दोनदा बजावलं आहे. म्हणून तसं लिहिलं.