शेगडीचा पहिला घास

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. लख्ख ऊन.

आजपासून माझा पत्ता पाण्यावर. बोट सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर, झोपायची जागा, सगळं आगगाडीच्या डब्यासारखं एकापुढे एक. पडदे लावले, मसाल्याचा डबा ठेवला आणि घर झालं.

ही हौस खरं तर संजीवची. चार वर्षांपूर्वी आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या याच ईरी कॅनॉलवर आठवडाभर अशी बोट भाड्याने घेतली होती. रिटायर झालो की ॲन आर्बरचं घर विकायचं आणि बोटीवर राहायचं, असं तो तेव्हापासून म्हणायचा. मार्चमध्ये रिटायर झाला, जूनमध्ये गेला. घर मी विकलं.

रुहीला हे मुळीच पटलेलं नाही. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला तिने माझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे. फोनवर म्हणाली, "आई, लोक रिटायर होऊन फ्लोरिडाला जातात. तू पत्र्याचा डबा घेऊन बर्फात चाललीस." शेवटी ठरलं ते असं: हा एक हिवाळा मी एकटीने नीट काढला तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर बोट विकायची आणि तिच्याकडे जायचं. एकुलत्या एका लेकीवर माझा जीव आहे, पण तिच्या घरात पाहुणी होऊन म्हातारी व्हायची माझी इच्छा नाही.

रोजनिशीची सवय पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधली. सिस्टर फिलोमिना सांगत, आधी तारीख, मग हवा, मग खरं ते. बाकावर शेजारी सुलेखा असे. ती हवाच तीन ओळी लिहायची. तिची पन्नास वर्षांची पत्रं बिस्किटाच्या डब्यातून आणली आहेत. त्याखाली संजीवचा राखाडी स्वेटर. शेगडीशेजारच्या भिंतीवर खिळा होता, त्यावर रुहीचा पाच वर्षांची असतानाचा फोटो लावला. दात पडलेला, तरी हसते आहे.

२ नोव्हेंबर. ढगाळ, पहाटे दव गोठलेलं.

शेगडी शिकते आहे. बिडाची आहे, गुडघ्याएवढी. दाराला काच, खाली राखेचा कप्पा, वर छतातून गेलेलं धुराडं. वाळलेलं ओक किंवा मेपलच घालायचं. ओल्या लाकडाने धुराड्यात डांबर धरतं. धक्क्याची देखभाल करणारा डेल रोज एकदा डोकावतो. त्याच्या मते ही शेगडी नवऱ्यासारखी आहे: फार हवा दिली की डोक्यावर बसते, लक्ष दिलं नाही की विझते. रात्री हवा कमी करून झोपलं तरी चार तासांपलीकडे टिकायची नाही, असं त्याने बजावलं. विषारी वायूचा अलार्मही त्याने तपासून दिला.

खिडक्यांना सकाळी आतून पाणी सुटतं. पुसायला संजीवच्या जुन्या बनियनी. विझलेली शेगडी पेटवताना बोटं वाकत नाहीत. पाणी काळं आणि गप्प.

१७ नोव्हेंबर. पहिला बर्फ.

आज एक गंमत. शेगडीच्या माथ्यावर भात शिजवला. उतरवला आणि मिरजेच्या माहेरची आई आठवली. पानं वाढायच्या आधी ती तूपभाताचा लहानसा घास चुलीत टाकायची. म्हणायची, जो शिजवतो त्याला आधी. लग्नानंतर इलेक्ट्रिकच्या चुलीवर मी ते कुठे करणार? आज करावंसं वाटलं. दार उघडलं, निखाऱ्यावर घास ठेवला, हात जोडले. तुपाचा वास सगळ्या बोटीत पसरला. डोळे भरून आले.

१८ नोव्हेंबर. बर्फ.

सकाळी सात वाजता निखारे लाल होते. रात्री नऊनंतर लाकूड घातलेलं नाही. डेलला सांगितलं तर म्हणाला की मी झोपेत उठून घालत असेन. आजही घास दिला.

६ डिसेंबर. उणे आठ.

आता रोज देते. शेगडी विझतच नाही. लाकूड निम्मं लागतं. रुहीला फोनवर ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, मॅजिक स्टोव्ह आहे तर पेटंट घे. हसलो दोघी.

एक लिहायला हवं. काल एकादशी समजून मी भात केला नाही. संध्याकाळी कोरडं ओक घातलेलं असूनही आग बसत गेली. लाकूड काळं पडलं, पण जळेना. शेवटी पोळीचा तुकडा टाकला. लगेच धरली.

१४ डिसेंबर. उणे अकरा, वारा.

घास पुरत नाही. दोन दिले, वाटीभर दिला. तासभर बरी जळते, मग बसते. डेलने धुराडं झाडून पाहिलं, दाराच्या कडेची हवाबंद करणारी दोरी बदलली. दोष काहीच नाही. अलार्मही पुन्हा तपासला, हवा स्वच्छ आहे.

दुपारी पेटवायला कागद शोधताना हाताला बिस्किटाचा डबा लागला. सगळ्यात वरचं पत्र फाटलेलंच होतं. ते घातलं. काय सुरेख पेटली. मग आणखी चार.

१७ डिसेंबर. उणे नऊ.

तीन दिवस ऊब. डबा रिकामा झाला. त्यात काय होतं कोण जाणे, जुने कागद असावेत.

संध्याकाळी रुहीचा फोन. पुण्याहून सुलेखा मावशीचा मेसेज आला, तुझी चौकशी करत होती, म्हणाली. मी विचारलं, कोण सुलेखा? तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

नंतर ही वही चाळली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे. बाकावर शेजारी सुलेखा असे. वर्ग आठवतो, सिस्टर आठवतात, खिडकीबाहेरची सिल्व्हर ओकची झाडं आठवतात. शेजारची जागा रिकामी आहे.

१८ डिसेंबर. ढगाळ.

डेलला आधीच्या मालकाबद्दल विचारलं. म्हातारा सहा हिवाळे इथे होता. शेवटी अँब्युलन्सवाल्यांना त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. मग डेल म्हणाला, "आला तेव्हा बायको होती त्याच्याबरोबर. ती कधी गेली, मला आठवत नाही. चेहराही नाही. विचित्र आहे ना, मॅम? रोज हात करायची ती."

त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो रुहीला कळवेल, आणि हिवाळा हरले असं होईल. वय झालं की विसरतं माणूस. आता शेगडीत फक्त लाकूड. घास बंद.

२९ डिसेंबर. उणे बारा.

अकरा दिवस फक्त लाकूड. दिवसातून सहा वेळा पेटवते, सहा वेळा विझते. आतल्या भिंतीवर बर्फाची साय धरली आहे. डेलचा इलेक्ट्रिक हीटर लावला की धक्क्याची वीज जाते. दोन स्वेटर, कोट, वर रजई. स्वतःशी म्हणते, पाचगणीला आम्ही गार पाण्याने अंघोळ करत होतो.

काचेआड काही नसतं. तरी मी बसले की आत कुणी तोंड उघडून बसलंय असं वाटतं.

८ जानेवारी. उणे पंधरा.

पाण्याचा पाइप गोठला. खोकला थांबत नाही. रुहीने आवाजावरून ओळखलं. ती पंचवीस तारखेला, शनिवारी येते आहे, तिकीट काढलं. मला तोंडावर काही म्हणाली नाही, पण न्यायलाच येते आहे. येऊ दे. खरं तर मलाच आता जायचं आहे.

तोपर्यंत सतरा दिवस.

१२ जानेवारी. उणे अठरा.

फक्त एक बाही. संजीवच्या स्वेटरची बाही उसवलेलीच होती. बाकीचा ठेवला आहे.

१३ जानेवारी.

ऊब. भिंती कोरड्या. झोप लागली. उरलेलाही

१५ जानेवारी. हवा बघितली नाही.

पहिलं पान वाचलं. संजीव कोण?

माझं लग्न झालं होतं, हे बोटातल्या अंगठीवरून कळतं. जूनमध्ये कुणी गेलं असं मी लिहिलं आहे. रडू यायला हवं. रडायला काहीच हाताशी नाही.

रुहीला फोन केला, बाळा, तुझ्या बाबांविषयी काहीतरी सांग, म्हटलं. ती सांगत राहिली. बडबड्या होता म्हणे, गाडीत बेसूर गायचा. मी ऐकत होते, शेजारणीच्या नवऱ्याबद्दल ऐकावं तशी. शेवटी ती रडली. मी तिला धीर दिला.

१६ जानेवारी.

आता कळलं. पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही — शेगडीत आपलं काही घालायचं नाही. ती लाकडावर जगत नाही. मी सवय लावली. जो शिजवतो त्याला आधी — मीच सुरू केलं.

सकाळी डेलच्या ऑफिसात राहायला निघाले. धक्क्यावर कमरेएवढा बर्फ. डेल बहिणीकडे अडकला आहे, रस्ता बंद. ऑफिसला कुलूप. परत यावं लागलं.

२० जानेवारी. वादळ.

फोनला रेंज नाही. लाकूड संपत आलं — उरलेलं पेटत नाही. पायांची बोटं जाणवत नाहीत.

घरात माझं म्हणावं असं एकच उरलंय. भिंतीवर. दात पडलेला, हसते आहे. तो मी देणार नाही. पाठ करते आहे — रुही, जन्म ॲन आर्बर, एप्रिल, डाव्या भुवईत खूण, झोक्यावरून पडली होती, रुही, रुही

२१

देणार नाही

शेगडीकडे पाठ करून बसले. खिळ्याकडे तोंड. हात कोटाच्या खिशात. हात बाहेर काढायचे नाहीत —

२२

ऊब आहे. फार छान ऊब.

भिंतीवर एक खिळा आहे. रिकामा. त्याला काही लावायला हवं.

बोटं भाजली आहेत. कशाने?

२४

ती पुन्हा बसते आहे. भात दिला. वहीची कोरी पानं दिली. नको आहेत. आता कागद नको तिला. दार आपणहून किलकिलं होतं — लावलं की पुन्हा —

काय हवं ते मला समजलं आहे. आधीच्या म्हाताऱ्याची बायको

२५, शनिवार

धक्क्यावर पावलं. एक मुलगी खिडकीवर थापा मारते आहे. लाल टोपी, भुवईत खूण. आई, दार उघड, म्हणते. फार रडते आहे.

वहीत लिहिलंय की कुणी रुही शनिवारी येणार. हीच असेल. चेहरा ओळखीचा नाही. मी नीट पाहिलं, खूप वेळ पाहिलं. नाही.

पण कुणाची तरी आहे. कुणीतरी तिला झोक्यावरून उचललं असेल.

तिला आत घ्यायचं नाही.

काचेतून हाताने खूण केली, जा. ती जात नाही. मी कडीला पाठ लावून बसले आहे, वही मांडीवर. शेगडीचं दार सताड उघडं आहे. आत लाकूड नाही आणि तरी उजेड — असा उजेड —

डेलचा आवाज. तो आहे तिच्याबरोबर. दुसरी किल्ली आहे म्हणतो. नको, डेल

कुलूप फिरतंय. मी सगळा जोर लावलाय. बाळ, तू कोण ते मला माहीत नाही, परत जा, इथे गरम आहे म्हणून आत येऊ नकोस, परत जा, मी